दुष्काळातल्या तांब्याभर पाण्याचा बाप्तिस्मा

या वेळचं पत्र साताऱ्याहून आलंय. लांब होतं म्हणून थोडं कमी करून देते, नाव अर्थातच देत नाही.

"सलाम ताई. माझं वय 47, साताऱ्यात शाळेत शिकवते. आमचे आण्णा गेले त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आण्णा मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वडील (एल्डर) होते, वीस वर्षं संडे स्कूल घेतलं, उपासनेत टाळ तेच धरायचे. माझा मोठा भाऊ सांगलीला असतो. चार वर्षांपूर्वी तो एका फेलोशिपमध्ये जायला लागला, तिथं त्याने कृष्णेत बुडून परत बाप्तिस्मा घेतला. तिथपर्यंत ठीक होतं. पण आण्णा गेल्यावर एकदा जेवताना तो आईसमोर म्हणाला की आण्णांचं तारण झालं की नाही हे सांगता येत नाही, कारण लहानपणी शिंपडलेलं पाणी शास्त्राप्रमाणे धरत नाहीत, आणि त्यांना अन्य भाषेचं, म्हणजे आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत बोलण्याचं, दान पण नव्हतं. मार्क 16:16 काढून दाखवलं. तेव्हापासून आई रात्री झोपत नाही, दोन वाजता उठून मला विचारते, आण्णा कुठं असतील गं? आता दादा म्हणतो तुम्ही दोघी तरी वेळ आहे तोवर पाण्यात उतरा. वर्षाच्या प्रार्थनेला यायला तयार नाही, म्हणतो ही मेलेल्याची पूजा आहे आणि टाळ-मृदंगाची भजनं जगाची आहेत. ताई, दादाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आमचं गाव दहिवडीच्या बाजूला. आण्णा सांगायचे, त्याच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेब येणार म्हणून आईने आदल्या दिवसापासून एक तांब्या पाणी फडकं बांधून बाजूला ठेवलं होतं, कुणाला पिऊ दिलं नाही. दादा त्याला आता नुसतं ओलं करणं म्हणतो. मी त्याला कुठलं वचन दाखवू? आणि मी खरंच परत बाप्तिस्मा घ्यावा का? मोठ्या बहिणीसारखं सांगा."

सलाम. मोठ्या बहिणीसारखं सांगा म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगं करते.

कुठलं वचन दाखवू हा तुझा प्रश्न आहे, त्याचं उत्तर आधी देते म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. कुठलंच दाखवू नकोस. निदान आत्ता नाही, आणि आईसमोर तर कधीच नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या जावेचं आणि माझं याच विषयावर वाजलं होतं, डायनिंग टेबलावर दोघींची दोन बायबलं उघडी, मधे पोह्यांच्या प्लेटा गार होतायत, ती मार्क काढतेय मी लूक काढतेय, ती रोमकरांस काढतेय मी परत कृत्ये काढतेय, आणि शेवटी ती गप्प झाली. मला वाटलं मी जिंकले. त्यानंतर ती चार वर्षं माझ्या घरी आली नाही. लग्नकार्यात समोर आली तरी नुसतं प्रेज द लॉर्ड म्हणून पुढं जायची. पुढं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात थांबायला कुणी नव्हतं म्हणून मी गेले, चष्मा घरी राहिला होता तिचा, मला म्हणाली जरा फोनवरून एकशेएकविसावं स्तोत्र वाच ना. मी वाचलं. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. मतं दोघींची अजून आहेत तिथंच आहेत, ती आमच्याकडे प्रभुभोजन घेत नाही, मला त्याचं वाईट वाटतं आणि मी ते तिला सांगितलंय. पण येते, जेवते, प्रार्थना करते.

म्हणून पुढं जे लिहितेय ते तुझ्यासाठी आहे. तुझ्या पोटात जो गोळा आलाय ना, की दादा म्हणतो ते खरं असलं तर, तो जावा म्हणून. दादाच्या व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला नाही.

मार्क 16:16 घे. जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल, हा पहिला अर्धा. दुसरा अर्धा नीट वाच, जो विश्वास धरत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल. दुसऱ्या अर्ध्यात बाप्तिस्म्याचं नावच नाही, शिक्षा अविश्वासाला सांगितलीय, किती पाणी होतं त्याला नाही. आणि त्याच्या लगेच खाली, 17 आणि 18 मध्ये, विश्वासणाऱ्यांची चिन्हं दिलीत, त्यात अन्य भाषा आहे तसं सर्प उचलणं पण आहे, प्राणघातक काही प्यालं तरी बाधणार नाही हे पण आहे. आता सापाचं चिन्ह दिसलं नाही म्हणून कुणाचं तारण अडलंय असं दादाच्या फेलोशिपमध्ये पण कुणी म्हणत नसणार. मग एकाच परिच्छेदातलं एक वाक्य अट झालं आणि त्याच्या शेजारचं नाही झालं, हे ठरवलं कुणी? हे माणसांनी ठरवलंय, शास्त्राने नाही. अजून एक, मार्कच्या शेवटच्या अध्यायातली 9 पासून 20 पर्यंतची वचनं सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, नाहीत. मी ती वचनं टाकून द्या म्हणत नाही, मंडळीने ती शतकानुशतकं वाचलीत, मी पण वाचते. एवढंच म्हणते की एखाद्या मेलेल्या माणसाच्या तारणाचा निकाल द्यायला त्यातलं अर्धं वचन पुरत नाही.

लूक 23 मधला वधस्तंभावरचा चोर तुला माहितीय. त्याला ना शिंपडलं ना बुडवलं, आणि प्रभू त्याला म्हणतो तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. फेलोशिपवाले म्हणतात तो अपवाद होता, त्याला वेळच नव्हता. चालेल, अपवाद म्हण, पण मग देव अपवाद करतो हे तरी मान्य झालं ना. आणि पौल तर पहिल्या करिंथकरांसच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरची माणसं सोडली तर मी तुमच्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं. आणि हे तो का लिहितोय बघ, करिंथात भांडण लागलं होतं, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. म्हणजे कुणी कुणाचा बाप्तिस्मा केला यावरून वेगवेगळे गट पडणं हे मंडळीइतकंच जुनं आहे, तुमच्या घरात काही नवीन पाप शिरलेलं नाही.

आता तांब्या. ताई, मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथंच थांबले.

बहात्तरचा दुष्काळ माण-खटावकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माणगंगा कोरडी, विहिरींना तळ लागलेला, रेशनवर मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर खायला सुकडी, बाया दिवसभर खडी फोडून आल्यावर घागर घेऊन परत मैलभर चालायच्या. त्या दिवसांत घरात एक तान्हं पोर, आई अंगावर पाजतेय, तिला स्वतःला प्यायला पाणी पाहिजे, आणि ती बाई एक तांब्या भरून तोंडाला फडकं बांधून कोनाड्यात ठेवते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याला हात लावत नाही. नवऱ्याला देत नाही, स्वतः पीत नाही. त्या रात्री तिला तहान लागलीच असेल ना गं? मला तरी त्या तांब्यात जेवढा विश्वास दिसतो तेवढा भरलेल्या नदीत उतरताना कुणाला लागत असेल असं वाटत नाही. नदीत उतरणं खोटं म्हणत नाही मी. पण याला नुसतं ओलं करणं म्हणायचं नाही.

आणि हे फक्त माझ्या मनाचं नाही. पहिल्या शतकाच्या शेवटाला किंवा दुसऱ्याच्या सुरवातीला लिहिलेलं एक छोटं पुस्तक आहे, दिदाखे म्हणतात, म्हणजे शिकवण. बायबलमध्ये ते नाही, पण सुरवातीच्या मंडळ्या कशा वागायच्या ते त्यातून कळतं. त्याच्या सातव्या भागात बाप्तिस्मा कसा करायचा ते सांगितलंय. वाहत्या पाण्यात करा. वाहतं नसलं तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसलं तर कोमट. आणि दोन्ही नसलं तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. एवढंच. म्हणजे त्या काळातल्या लोकांना पण ठाऊक होतं की वाहतं पाणी सगळ्यात चांगलं, आणि ठाऊक होतं की सगळीकडे नदी नसते. दहिवडीच्या बाजूला बहात्तर साली नव्हती. पाळकसाहेबांनी जे केलं ते अगदी त्या जुन्या रीतीत बसतं.

आता दादाची बाजू पण सांगते, कारण ती मांडल्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील आणि तू त्याला मूर्ख समजायला लागशील. तो मूर्ख नाही. बाप्तिस्मा हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ बुडवणंच आहे. रोमकरांस 6 मध्ये पौल म्हणतो बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायचं, हे चित्र पाण्याखाली जाऊन वर येण्यात जसं दिसतं तसं कपाळावरच्या चार थेंबात दिसत नाही, हे मान्य करायला मला काही अडचण नाही. कृत्येमध्ये बहुतेक ठिकाणी आधी विश्वास मग बाप्तिस्मा असंच आहे. तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानणारे आपण म्हणतो लुदियेच्या घरच्यांचा झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा झाला, त्यात लेकरं असतीलच, पण लेकरं होती असं तिथं लिहिलेलं नाही, हे ते लोक बरोबर दाखवतात. आणि या मतासाठी लोकांनी जीव दिलाय गं. झुरिकमध्ये 1525 साली काही जणांनी मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्सला 1527 च्या जानेवारीत तिथल्या लिमात नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथलिक नव्हते, सुधारणावाले प्रॉटेस्टंटच होते, आपल्यासारखे तान्ह्यांचा बाप्तिस्मा करणारे. तर या भांडणात आपल्या बाजूचे हात पण स्वच्छ नाहीत, हे लक्षात ठेवून दादाशी बोल.

आणि तू ज्या मंडळीत आहेस तीच बघ. उत्तर भारतीय मंडळी 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला एक झाली तेव्हा त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, मेथडिस्ट होते, आणि बाप्टिस्ट पण होते, ब्रदरन पण होते जे तीनदा बुडवतात. तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एका छपराखाली आले, आणि ठरवलं की दोन्ही रीती चालतील. दादाच्या जन्माच्या आधीच हे झालंय. म्हणजे तुझ्या चर्चच्या पायातच हा समजूतदारपणा घातलेला आहे, दादाला बुडवून घ्यावंसं वाटलं म्हणून तो परका झाला असं तुझ्या चर्चला पण म्हणता येणार नाही. फक्त पहिला खोटा होता असं म्हणून दुसरा घ्यायचा, ते तुझी मंडळी मानत नाही.

अन्य भाषेचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे. पहिले करिंथकरांस 12:30, सर्वच अन्य भाषा बोलतात काय? पौल प्रश्न विचारतोय आणि उत्तर नाही असंच आहे. दानं वेगवेगळी, आत्मा एकच. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आत्मिक जागृती झाली, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करायच्या, अन्य भाषा बोलल्याचं पण लिहून ठेवलंय, अमेरिकेतली अझुसा स्ट्रीटची जागृती त्याच्या पुढच्या वर्षीची. म्हणजे हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं पण म्हणू नकोस, महाराष्ट्राच्या मातीत ते झालंय. पण ज्या बाईच्या अंगणात ते झालं तिने ही खूण प्रत्येकाला असायलाच पाहिजे असं धरलं नाही. आण्णांना कुठलं दान होतं ते तुझ्या पत्रातच आहे, वीस वर्षं संडे स्कूल. शिकवण्याचं दान पौलाच्या यादीत नावानिशी आहे.

तारण कशाने हा प्रश्न तर याच्याही मुळाशी आहे. इफिसकरांस 2:8, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालेलं आहे, आणि हे तुमच्या हातून झालेलं नाही, हे देवाचं दान आहे. दादा हे वचन पाठ म्हणत असणार, त्याच्या लोकांचं आवडतं वचन आहे. मग याकोब काय म्हणतो, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. दोघं अब्राहामाचंच उदाहरण घेतात, पौल रोमकरांसच्या चौथ्या अध्यायात, तिथं अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला तो प्रसंग आहे, अजून इसहाकाचा जन्म पण नाही. याकोब घेतो इसहाकाला वेदीवर ठेवलं तो. एकाच माणसाच्या आयुष्यातले दोन दिवस, मधे कितीतरी वर्षं. लूथरला हे जुळवता येईना, 1522 साली त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं, पण बायबलमधून काढलं नाही हो, ठेवलं. कॅथलिक आणि लुथरन दोघांनी मिळून नीतिमान ठरवलं जाण्याविषयीच्या मूळ गोष्टींवर आमचं एकमत आहे असं कागदावर सही करून सांगायला 31 ऑक्टोबर 1999 उजाडला, आउग्सबुर्गमध्ये. मेथडिस्ट त्यात 2006 ला आले. लूथरने 1517 ला प्रॉटेस्टंट सुधारणेला सुरवात केली तिथून मोज, 482 वर्षं. एवढी विद्वान माणसं एवढी वर्षं लागली, आणि दादाने आण्णांचा निकाल एका जेवणात भाजीभाकरीसोबत देऊन टाकला. हे मला खटकतं. त्याच्या मताचं काही नाही, मत ठेव म्हणावं. पण न्यायाच्या खुर्चीवर बसलाय तो, आणि ती खुर्ची त्याची नाही. दुसरे तीमथ्य 2:19, जे प्रभूचे आहेत त्यांना तो ओळखतो. दादा ओळखत नाही, तू ओळखत नाहीस, मी ओळखत नाही.

म्हणून आई रात्री दोन वाजता विचारते तेव्हा तू तिला वाद सांगू नकोस. दिदाखे नको, लूथर नको. उठ, लाइट लाव, पाणी दे, शेजारी बस आणि योहान 14 वाच. माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. वाचून झालं की तिला त्या तांब्याची गोष्ट विचार. तिच्या तोंडून. मला वाटतं दादाच्या बोलण्याने तिला नवऱ्याची काळजी लागलीय हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे तिने स्वतः जे केलं ते फुकट गेलं की काय, लेकराचा बाप्तिस्माच झाला नाही की काय, ही भीती तिच्या मनात शिरलीय. तिला कुणीतरी विचारलं पाहिजे की तेव्हा कसं होतं गं, फडकं कुठलं होतं, पाळकसाहेब एसटीने आले की सायकलवर, उरलेलं पाणी कुणी प्यायलं. बोलू दे तिला. दोनचार रात्री बोलली की झोप लागायला लागेल, आणि नाही लागली तर डॉक्टरला दाखव, वर्षभर झोप नाही म्हणजे नुसती विश्वासाची गोष्ट राहत नाही, बीपी वगैरे बघून घे.

तू परत बाप्तिस्मा घ्यावास का? तू तीन ओळींत विचारलंस पण मला वाटतं हे तुला आतून खातंय. तुझ्या मनाला प्रार्थनेत, शास्त्र वाचताना, कुणी मागे न लागता पटलं, तर तुझ्या पाळकसाहेबांशी मोकळेपणाने बोल, ते चिडतील या भीतीने लपवू नकोस. पण आज तुझ्या पत्रात मला पटल्याचं कुठंच दिसत नाही, भीती दिसते, आणि दादाचं तोंड बंद व्हावं ही इच्छा दिसते. या दोन कारणांनी पाण्यात उतरू नकोस. उतरलीस तर तू आण्णांबद्दलचा दादाचा निकाल मान्य केलास असा त्याचा अर्थ आई घेणार. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. ताटातूट झाली, लोकांनी काय काय बोललं, पुढं एकत्र आले, आणि त्यांनी तो घेतला 1900 साली, स्वतःचा स्वतःला उलगडा झाला तेव्हा. नवऱ्याने ओढून नेलं असतं तर तो त्यांचा राहिलाच नसता.

आणि साताऱ्याची आहेस म्हणून एक सांगते. तेच टिळक शेवटी शेवटी मिशनचा पगार सोडून तुझ्या गावात येऊन राहिले आणि 1917 साली त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा बंधुवर्ग, ज्यांनी बाप्तिस्मा घेतलाय त्यांचा आणि ज्यांनी नाही घेतला त्यांचा पण. विचार कर, शंभर वर्षांच्या वर झाली, तेव्हा या माणसाने साताऱ्यात बसून म्हटलं की ख्रिस्तावर प्रेम करणारा बाप्तिस्म्याच्या अलीकडे असो की पलीकडे, दरबारात ये. दोनच वर्षांत ते गेले, दरबार पुढं टिकला नाही. पण तुमच्या घरातलं भांडण बघितलं की मला वाटतं त्याची गरज संपलेली नाही. तू तर कुणी बिन-बाप्तिस्म्याचीही नाहीस.

टाळ-मृदंग जगाचे म्हणतो ना, त्याला स्तोत्र 150 माहीतच असणार, त्यात झांजा आहेत, एकदा नाही दोनदा. फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्ताची कथा ओवीत मांडली, टिळकांनी अभंग लिहिले, आपल्या आज्या ज्या भजनांवर मोठ्या झाल्या ती गाऊनच आपल्यापर्यंत विश्वास आला. कीबोर्डवरची वर्शिप मला पण आवडते, डोळ्यात पाणी येतं माझ्या. पण आण्णांच्या वर्षाला टाळ वाजणारच, यावर माघार घेऊ नकोस.

मेलेल्याची पूजा म्हणतो त्यावर मात्र थोडं ऐकून घे, कारण इथं त्याच्या शंकेला जागा आहे. कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, 2 नोव्हेंबर त्यांचा त्यासाठीचा दिवसच आहे, त्यांच्या बायबलमध्ये मक्काबींचं पुस्तक आहे त्याचा ते आधार घेतात. आपण प्रॉटेस्टंट ते करत नाही, आपण त्या माणसाबद्दल देवाचे आभार मानतो. पण बोलताना आपल्याकडूनही घोटाळा होतो, फोटोला मोठा हार, समोर अगरबत्ती, आणि आत्म्याला शांती मिळो असं बॅनरवर छापून मोकळे होतो. ते नको करू. पत्रिकेवर आभाराची प्रार्थना असं छाप. फोटो असू दे, फुलं असू दे, पण प्रार्थना कशाची आहे ते पाळकसाहेबांना सुरवातीलाच स्पष्ट बोलायला सांग. हे दादाला खूश करायला नाही, आपलंच तसं आहे म्हणून.

आणि दादाला पत्रिका पाठवू नकोस. ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस. रविवारी सोडून कुठल्यातरी दिवशी एसटीने सांगलीला जा, एकटी, आईला पहिल्या वेळी नेऊ नकोस. जाताना आण्णांचं बायबल घेऊन जा. त्याच्याकडे दोनच गोष्टी माग. एक, आईसमोर आण्णांच्या तारणाचा विषय पुन्हा काढायचा नाही, हे मात्र विनंती म्हणून नको, बहीण म्हणून ठामपणे सांग, की तुला जे मानायचं ते मान पण म्हातारीची झोप तुझ्यामुळे गेलीय आणि आईबापाचा मान राख ही आज्ञा बुडून घेतलेल्यांना पण आहे. तो चिडेल. चिडू दे, उठून येऊ नकोस, चहा पी.

दुसरं, त्याला प्रार्थना करायला सांगू नकोस, संदेश द्यायला तर नकोच, भजनाला बसायला पण सांगू नकोस. फक्त शास्त्रवाचन करशील का विचार. आण्णांच्या बायबलातून, आण्णांनी ज्या भागाखाली पेन्सिलने रेघ मारलीय असा कुठलाही एक भाग, तूच निवड म्हणावं. देवाचं वचन वाचायला त्याच्या फेलोशिपमध्ये कुणी मनाई केलेली नसणार. बायबल त्याच्याकडेच ठेवून ये, निवडायला वेळ लागतो. आपल्या बापाचं अक्षर, रेघा, मधे ठेवलेली एसटीची तिकिटं, उपासनेच्या चिठ्ठ्या, हे त्याला एकट्याला बघू दे, तू समोर बसून नको.

नाही म्हणाला तर वाचन आईला दे. तिला दिसत नसेल तर तुझ्या पोरांपैकी कुणालातरी दे. कार्यक्रम सकाळी दहाच्या आत ठेव, उन्हाचा आईला त्रास नको, आणि जेवण साधं ठेव. दादा आला आणि मागच्या खुर्चीवर बसून न गाता निघून गेला तरी त्याला दारात अडवून काही बोलू नकोस, डबा भरून दे. काय झालं ते मला कळव.